मेटॅलिक ग्लास कंपोझिटची तन्यता वाढवताय? मग या चुका टाळा

मेटॅलिक ग्लास म्हणजे स्फटिक नसलेला, अणू काचेसारखे विस्कटलेला मिश्रधातू. ताकदीला जबरदस्त, पण नुसता ओढला की एखादाच शिअर बँड (धातू सरकण्याचा पातळ पट्टा) आरपार धावतो आणि कटकन दोन तुकडे. बँडची जाडी जेमतेम १०-२० नॅनोमीटर. त्याला वाटेत अडवायला मऊ स्फटिक पेरायचे (हेच कंपोझिट), म्हणजे एकाऐवजी पुष्कळ बँड फुटतात, ताण वाटला जातो आणि तुकडा तुटण्याआधी लांबतो. ही तन्यता. एवढं सगळ्यांना पाठ असतं. घोडं पेंड खातं ते पुढे.

दाबून पाहायचं आणि तन्यता म्हणायचं

या चुकीचा मला मनस्वी कंटाळा आलाय. लातूरकडचा एक पोरगा ग्राफ घेऊन आला. ‘‘सर, अठरा टक्के आलंय बघा!’’ मी म्हटलं, ‘‘आधी तुकडा दाखव.’’ रॉड ३ मिलिमीटर व्यासाचा आणि तुकडा उंचीला २ मिलिमीटर. बुटका कामून केला, तर म्हणे रॉडचा चांगला भाग तेवढाच निघाला. अरे बाबा, बँड साधारण ४५ अंशांत तिरका जातो. बुटक्या तुकड्यात त्याला बाजूने बाहेर पडायला जागाच नसते, तो वरच्या-खालच्या प्लेटवर आदळून अडतो. वरून टोकांचं घर्षण. सॅम्पल तुटत नाही, चेपत राहतो आणि ग्राफ सुंदर दिसतो.

६ मिलिमीटरचा तुकडा कापायला लावला, टोकं समांतर घासून घेतली. यील्डनंतर, म्हणजे आकार कायमचा बदलू लागल्यावर, दीड टक्क्यात तडकला. पोरगं रडवेलं झालं, कारण मार्गदर्शकांनी पेपर पाठवूनही दिला होता. त्याच ग्राफात आणखी एक भानगड होती. सुरुवातीच्या सरळ रेषेचा उतार ३० गिगापास्कलच्या आत येत होता. हा उतार म्हणजे यंग्स मॉड्युलस, धातूचा ताठपणा; झिर्कोनियमवाल्या मेटॅलिक ग्लासचा तो ९०च्या आसपास असतो. म्हणजे क्रॉसहेडच्या (मशीनच्या सरकत्या दांड्याच्या) हालचालीवरून स्ट्रेन, म्हणजे तुकडा किती टक्के दबला ते, काढला होता आणि त्यात मशीनचं दबणंही मोजलं गेलं होतं. मी उतार तपासल्याशिवाय टक्केवारीकडे बघतच नाही. उंची व्यासाच्या दुप्पट ठेवा, तुकड्यावरच स्ट्रेन मोजणारा स्ट्रेन गेज लावा आणि शेवटी ओढून दाखवा. टेन्साइल तुकडा बनवणं किचकट आहे, मान्य. पण दाबून मिळालेल्या आकड्याला मी तन्यता म्हणत नाही.

ऑक्सिजनला हलक्यात घेणं

झिर्कोनियम ऑक्सिजन असा ओढून घेतो की मागाहून काही काढता येत नाही. थोडा जरी शिरला तरी नको ते ठिसूळ स्फटिक काचेत उगवतात, आणि मग तुमचे मऊ डेंड्राइट (फांद्यांसारखे वाढणारे ते पेरलेले स्फटिक) बिचारे काय करणार? वाळूजहून वेल्डिंगचा आर्गॉन आणून काम भागवणारे मी पाहिलेत. पैसे वाचतात, मिश्रधातू जातो. माझी सवय अशी: तुकडे फाइलने चकचकीत करून ॲसिटोनमध्ये धुवायचे, चेंबर दोन-तीनदा व्हॅक्यूम करून शुद्ध आर्गॉनने भरायचा, आणि आधी टायटॅनियमचा गेटर, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन शोषणारा तुकडा, वितळवायचा. गेटर थंड झाल्यावर निळा-पिवळा दिसला तर मी मिश्रधातूला हातच लावत नाही, गळती शोधतो. बटण (वितळून थंड झालेला मिश्रधातूचा गोळा) उलटवून निदान चारदा वितळवा. मे महिन्यात भट्टीला थंड पाणी देणारा चिलर दमतो म्हणून दोनदाच केलं, हे कारण चालणार नाही. पहाटे या.

मिश्रधातूत निओबियम हा धातू असेल तर सगळं एकदम टाकू नका. तो २४७७ अंशांना वितळतो. आधी झिर्कोनियमबरोबर मिसळून घ्या, तांबं नंतर. नाहीतर बटणाच्या पोटात अख्खा खडा सापडतो.

डेंड्राइटला वेळ न देणं

२००८ साली अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या गटाने ओढून १० टक्क्यांहून जास्त तन्यता दाखवली. त्यांनी मिश्रधातू अर्धवट वितळलेल्या अवस्थेत, ठरलेल्या तापमानाला धरून ठेवला आणि डेंड्राइट जाड होऊ दिले. डेंड्राइट काचेहून मऊ हवेत, आणि त्यांच्यामधलं अंतर बँडची चीर होऊ न देण्याइतकं कमी हवं. आमच्याकडची मंडळी सक्शन कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात ओढून झटकन थंड करणं) करून मोकळी होतात. मग डेंड्राइट रॉडच्या कडेला बारीक, मध्यभागी जाड, आणि मायक्रोग्राफ (सूक्ष्मदर्शकातला फोटो) जिथला छान तिथलाच छापायचा!

तांबे-झिर्कोनियमच्या मिश्रधातूत बी-टू नावाच्या रचनेच्या स्फटिकांचं तसंच. ते मध्यभागी गठ्ठ्याने येतात. फार सावकाश थंड केलंत तर ते मोडून ठिसूळ संयुगं होतात. रॉडचे काप तीन ठिकाणचे पाहा.

आणि किरकोळ वाटणाऱ्या

एक्सआरडीत (क्ष-किरण चाचणीत) नुसता फुगवटा दिसला म्हणजे स्फटिक नाहीतच, असं नसतं. डीएससी, म्हणजे तापवताना उष्णता मोजणारी चाचणी, करा.

बेरिलियमची पावडर फुप्फुसांना घातक. पक्की सोय नसेल तर त्या मिश्रधातूंच्या वाटेला जाऊ नका.

‘जरा तापवून ताण काढतो’ म्हणणाऱ्यांनी काचसंक्रमण तापमानाच्या (जिथे काच मऊ पडू लागते) जवळ जाऊ नये, काच आणखी ठिसूळ होते. उलट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून-काढून ती थोडी टवटवीत करता येते. नायट्रोजन मिळत नाही म्हणू नका, गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो तालुक्यापर्यंत पोहोचतो. मात्र ऑक्सिजन शिरलेला रॉड बुडवून सुधारत नाही.

वायरकटवरून (ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या तारेच्या मशीनवरून) आलेला तुकडा तसाच मशीनला लावू नका. कडेचा जळका थर पॉलिश करून काढा, चिरा तिथूनच सुरू होतात.