छोट्या कन्सल्टन्सीत नोकरी धरण्याआधी काय तपासावं

“छोट्या ठिकाणी शिकायला भरपूर मिळतं” आणि “छोट्या ठिकाणी जाऊ नको, भरवसा नसतो” हे दोन्ही सल्ले ऐकून कान किटलेत. कोल्हापुरात कारखान्यांना सल्ला देणाऱ्या अशा तीन छोट्या कन्सल्टन्सींत काम केल्यावर सांगतो, नुसत्या एवढ्यावर ठरवू नका. ठरवायचं असं:

१. एक दिवस त्या कन्सल्टन्सीच्या माणसांसोबत शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात जाऊन काम बघा.

२. शिकायला मिळतं, हे खरंच आहे. दुसऱ्याच महिन्यात मी फाउंड्रीच्या (ओतकाम कारखान्याच्या) मालकासमोर बसून कास्टिंगचं रिजेक्शन, म्हणजे ओतलेले भाग नापास होण्याचं प्रमाण, का वाढलं ते सांगत होतो. कोटेशन, ऑडिट, रिपोर्ट, वसुलीचा फोन, सगळं अंगावर पडतं. पण तुमचा रिपोर्ट तपासायला वर कुणी नसेल, तर चुकाही तशाच पक्क्या होतात. आपलं काम कोण वाचणार, हे विचाराच.

३. पैसा कुठून येतो ते काढा. मी फसलो ते इथंच. पहिल्या फर्मचं निम्म्याहून जास्त बिलिंग एकाच गिऱ्हाइकाकडून यायचं. त्याच्या ऑर्डरी घटल्या, आमची बिलं अडकली आणि पगार दोन महिने थांबला. मालकांनी स्वतःची एफडी मोडून आम्हाला पैसे दिले, माणूस सोन्यासारखा. तरी तोवर राजारामपुरीतल्या खोलीचं भाडं मी उसनवारी करून भरलं. मुलाखतीत पैशाचं विचारायची मला लाज वाटली होती. तुम्ही लाजू नका.

सरळ विचारा: “सर, सगळ्यात मोठ्या क्लायंटचा वाटा किती? बिल गेल्यावर पैसे किती दिवसांनी येतात?” वाटा एक तृतीयांशाच्या वर असेल, तर सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय मी जाणार नाही. साखर कारखान्यांची कामं जास्त असतील, तर वर्षातले कोणते महिने रिकामे जातात तेही विचारा. पगार किती तारखेला होतो, हे मात्र मालकांना नको, तिथल्या पोरांना बाहेर चहाच्या गाड्यावर विचारा.

“आमची उद्यम नोंदणी आहे, पैसे बुडत नाहीत,” असं कुणी म्हटलं (ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), तर निर्धास्त होऊ नका. २००६ च्या एमएसएमई (छोट्या उद्योगांसाठीच्या) कायद्यात, लेखी करार असला तरी गिऱ्हाइकानं अशा उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. कागदावर हे भक्कम आहे. पण पुढचं कामही त्याच गिऱ्हाइकाकडून यायचं असल्यामुळं तक्रार करायला छोटा कन्सल्टंट सहसा धजत नाही.

४. पगार की प्रोफेशनल फी, हे लेखी घ्या. फी म्हणून १० टक्के टीडीएस कापून पैसे देणार असतील, तर तुम्ही त्यांच्या लेखी कर्मचारी नाही. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही आणि गृहकर्ज मागायला गेल्यावर बँक तुमच्याकडं व्यावसायिक म्हणून बघते. कर्मचारी म्हणून घेतलं, तरी २० पेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी पीएफ सहसा बंधनकारक नसतो. तेवढी रक्कम पगारात वाढवून मागा आणि दरमहा स्वतः पीपीएफमध्ये टाका.

५. नोटीस पिरियड दोन महिन्यांच्या वर असेल, तर सही करण्याआधी कमी करून घ्या.