ट्रेझररसाठी वर्गणी मागताना

गव्हर्नरच्या प्रचारासाठी पैसे मागायला फोन केला की लोक वाद घालतात. ट्रेझररसाठी केला की विचारतात, "ट्रेझरर? कुठल्या मंडळाचा?" अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात दर चार वर्षांनी स्टेट ट्रेझररची, म्हणजे राज्याच्या खजिनदाराची, निवडणूक होते. गेल्या दोन खेपांना, खुर्चीवर असलेल्या ट्रेझररनाच पुन्हा निवडून आणायच्या खटपटीत मी फोन करून आणि घरी लोकांना बोलावून वर्गणी गोळा करायचं काम केलं. सांगलीला मी अकरा वर्षं बँकेत कॅश काउंटरवर बसले होते, त्यामुळे पैसे मोजायची सवय होती, मागायची मुळीच नव्हती. आता दोघी-तिघी विचारतात, कसं करायचं, म्हणून एकदाच लिहून काढते. पक्ष कोणता ते सांगत बसत नाही. नियम सगळ्यांना सारखेच आहेत.

आधी हे पद काय करतं ते स्वतःला दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे, आणि ऐकणारा बघून सांगता आलं पाहिजे. शाळेत मुलं असलेल्या घरी मी शाळा बांधणीचं सांगते. आपण ६.२५ टक्के सेल्स टॅक्स भरतो, त्यातला एक टक्का शाळांच्या इमारतींसाठी बाजूला जातो आणि ते काम बघणाऱ्या स्कूल बिल्डिंग अथॉरिटीचं अध्यक्षपद ट्रेझररकडे असतं. नवीन बाळ असेल तर ५० डॉलरचं सांगते. १ जानेवारी २०२० पासून राज्यात जन्मलेल्या किंवा दत्तक घेतलेल्या प्रत्येक बाळाच्या कॉलेजच्या खात्यात राज्य ५० डॉलर टाकतं, फक्त वर्षाच्या आत खातं उघडावं लागतं. निवृत्त शिक्षिकेला पेन्शन फंडाचं. फंड शंभर अब्ज डॉलरच्या घरातला आहे आणि त्याच्या बोर्डावरही अध्यक्ष ट्रेझररच. लॉटरीही त्यांच्याच खात्याखाली, आणि तिचा नफा राज्यातल्या ३५१ गावा-शहरांना वाटला जातो. हे ऐकून गॅस स्टेशनवर स्क्रॅच तिकिटं घेणारे आमचे एक शेजारी म्हणाले, "म्हणजे मी आधीच वर्गणी देतोय की!"

एक गोष्ट मात्र वर्गणीच्या संध्याकाळी काढू नका. राज्याकडे लोकांचे विसरलेले पैसे पडून असतात, जुन्या बँक खात्यातले, न वटवलेल्या चेकचे. ट्रेझररच्या वेबसाइटवर नाव टाकलं की आपले आहेत का ते कळतं. पहिल्या पार्टीत मी हौसेने लॅपटॉप लावून ठेवला. पाहुणे रांगेने नावं शोधायला लागले, हशा, टाळ्या, एका वहिनींचे १८४ डॉलर निघाले. त्यांच्या यजमानांनी तिथल्या तिथे मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वर्गणी दिली तर हे लवकर सुटतील ना?" माझ्या पोटात गोळा आला. सरकारी काम आणि प्रचाराचे पैसे एका टेबलावर मांडले की भला माणूससुद्धा असं विचारतो. त्यात ज्या पदाचं सगळं काम पैसे सांभाळण्याचं, त्याच्यासाठी वर्गणी मागताना तर दुप्पट सांभाळावं लागतं. लॅपटॉप मिटला. आता ते सांगायचं असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या गप्पांत सांगते.

यादी कुठून आणायची? फोनमधल्या नावांतून. साठ-सत्तर नावं निघतात, त्यातली तीस खरोखर फोन उचलतात. उमेदवाराला मतपत्रिकेवर यायलाच ५,००० मतदारांच्या सह्या लागतात. त्या गोळा करताना ज्यांनी दोन मिनिटं थांबून प्रश्न विचारले त्यांची नावं तेव्हाच टिपून ठेवा. मंडळाची ईमेल यादी मात्र वापरू नका, आणि गणपतीच्या स्टेजवरून घोषणा तर अजिबात नको. आपली बहुतेक मंडळं धर्मादाय म्हणून कर-सवलत घेतात, आणि १९५४ पासून अशा संस्थांना कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरायला मनाई आहे. कमिटीतले कोणी "अगं, चालतंय" म्हणाले तरी नाही. आपल्या हौसेपायी मंडळाची सवलत धोक्यात कशाला?

आता सगळ्यात किचकट भाग, कोणाचे पैसे घ्यायचे नाहीत. माझा निम्मा वेळ यातच जातो.

आपल्या लोकांत पहिला प्रश्न व्हिसाचा. देणारा अमेरिकन नागरिक हवा किंवा ग्रीन कार्डवाला. एच-१बी, एच-४, विद्यार्थी, भारतातून सहा महिने आलेले आई-बाबा, कोणीच देऊ शकत नाही, आणि हा केंद्राचा कायदा असल्यामुळे अगदी गावच्या निवडणुकीलाही लागू आहे. हे विचारायला अवघड वाटतं. मी सरळ विचारत नाही, आमंत्रणातच एक ओळ घालते आणि फोनवर "फॉर्मवर एक खूण करावी लागते, नागरिक किंवा ग्रीन कार्ड, तेवढं बघा हं" असं म्हणते. ज्याला कळायचं ते कळतं. एक तरुण मुलगा, ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेला, म्हणाला, "ताई, माझी मुलगी इथलीच सिटिझन आहे. तिच्या नावाने शंभर टाकतो." मुलगी सहा वर्षांची. पैसे बापाचे आणि नाव लेकीचं, हा गुन्हा आहे. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये अठरा वर्षांखालच्यांना वर्षाला २५ डॉलरचीच मर्यादा आहे. त्याला वाईट वाटलं, मलाही. मग तो खुर्च्या मांडायला आला. बिनपगारी मदत करायला त्यांना हरकत नसते, निर्णय घेण्यात तेवढे ते नकोत. मात्र तळणीचं तेल त्याच्या पैशाने आणू देऊ नका, तो खर्चही वर्गणीतच धरतात.

दुसरे, फंड कंपन्यांतले. बॉस्टनमध्ये गुंतवणुकीच्या धंद्यात आपली माणसं भरपूर आहेत, आणि ट्रेझरर पेन्शन फंडाच्या बोर्डावर असल्यामुळे या एका पदाला तो नियम फार बोचतो. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या सिक्युरिटीज कमिशनने २०१० मध्ये केलेला नियम असा आहे की गुंतवणूक सल्लागार कंपनीतल्या वरच्या किंवा सरकारी धंदा आणणाऱ्या माणसाने अशा पदाधिकाऱ्याला ठरावीक रकमेपेक्षा जास्त दिलं, तर त्या कंपनीला त्या सरकारी फंडाकडून दोन वर्षं फी घेता येत नाही. ही रक्कम ज्याला मत देता येतं त्याच्यासाठी ३५० डॉलर प्रत्येक निवडणुकीला, आणि मत देता येत नसेल तर १५०. म्युनिसिपल बॉण्डवाल्यांसाठी, म्हणजे सरकारी कर्जरोखे विकणाऱ्यांसाठी, निराळा नियम, तिथे २५० आणि तेही फक्त मत देता येत असेल तर. नियमात कोण बसतं आणि कोण नाही हे आपण ठरवायच्या भानगडीत पडू नये. कितीतरी कंपन्या साध्या प्रोग्रॅमरलाही आधी परवानगी घ्यायला लावतात. मी एवढंच म्हणते, "आधी तुमच्या कंप्लायन्सला, त्या नियम सांभाळणाऱ्या खात्याला, विचारा, मग मला सांगा." आणि अशा माणसाला "तुमच्या चार मित्रांनाही सांगा ना" असं चुकूनही म्हणू नका, दुसऱ्यांकडून वर्गणी मागण्यावरही त्यांना बंधन आहे.

तिसरे सरकारी नोकर, आणि इथे माझी फजिती झाली. सरकारी शाळेत शिकवणारी माझी एक मैत्रीण, तिचं नाव मी आमंत्रणावर यजमान म्हणून छापलं. तासाभरात प्रचार कचेरीतून फोन. या राज्यात पगारी सरकारी नोकराला, मग तो गावचा असो की राज्याचा, राजकीय वर्गणी मागताही येत नाही आणि गोळाही करता येत नाही. स्वतःच्या खिशातून देता येते, पार्टीला येता येतं. शिक्षक, सरकारी विद्यापीठातले प्राध्यापक, टाउन हॉलमधले इंजिनीअर, सगळे यात आले. आमंत्रण मागे घेऊन पुन्हा पाठवलं, चाळीस जणांना. त्याच्याच जोडीचा नियम जागेचा: सरकारी इमारतीत वर्गणी मागायची नाही. म्हणजे गावच्या लायब्ररीतली फुकटची खोली नाही, सीनियर सेंटर नाही, आणि शिक्षिकेला तिच्या शाळेच्या ईमेलवर आमंत्रणही नाही.

आणि कंपनीचा चेक नाही. आमचे एक डेंटिस्ट प्रॅक्टिसच्या चेकबुकातून ५०० चा चेक फाडून मोकळे झाले. कॉर्पोरेशन असो, एलएलसी असो की भागीदारी, उमेदवाराला देता येत नाही. मी चेक परत नेऊन दिला, त्यांनी घरच्या खात्यातून २५० चा दिला. निम्मे गेले, पण रात्री झोप लागली. रेस्टॉरंटवाल्या मित्राचे फुकट समोसेसुद्धा याच कारणासाठी घेऊ नका. बिल मागा आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या भावाने भरा.

एवढं गाळून जे उरतात त्यांना फोन. मेसेज नव्हे, फोन. मेसेजला अंगठा येतो, पैसे येत नाहीत. संध्याकाळी सात ते साडेआठ, डायनिंग टेबलावर वही आणि दोन पेनं घेऊन बसा, कारण एक ऐन वेळी दगा देतंच. ख्यालीखुशाली एक मिनिट, ट्रेझररचं काम एक मिनिट, मग रकमेसकट मागणी. "काही जमलं तर बघा" ही मागणी नव्हे. माझं वाक्य असं: "काका, मला तुमच्याकडून पन्नास डॉलर हवेत." आणि पुढे गप्प. हे गप्प बसणं मला शिकावं लागलं. पहिल्या आठवड्यात मीच घाबरून "नाही म्हणजे, जमलं तरच" असं जोडायची, आणि ते सुटकेचा श्वास टाकून "बघतो हं" म्हणायचे. एकदा ओठ घट्ट मिटून बसले. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला, दुसरी शिट्टी झाली. मग काका म्हणाले, "पंचवीस चालतील का?" म्हटलं, "पळतील!"

फोनवर तीन प्रश्न हमखास येतात. टॅक्समध्ये वजावट मिळते का? नाही. कंपनी मॅच करते का, म्हणजे आपल्याइतकेच पैसे वर घालते का? नाही. माझं नाव लोकांना दिसेल का? वर्षाची रक्कम पन्नासच्या वर गेली तर हो, राज्याच्या प्रचार-खर्च कचेरीच्या वेबसाइटवर कोणीही शोधू शकतं. हे आधीच सांगून टाका. नंतर कळलं तर माणूस दुखावतो, आणि तो पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

पार्टीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पंचवीस माणसं पुष्कळ झाली. चहा, बटाटेवडे, एक गोड. उमेदवार स्वतः येतील या भरवशावर राहू नका, राज्यभर फिरायचं असतं. बोलणं दहा मिनिटांत आटपा आणि वडे संपायच्या आत कार्डं वाटा, कारण वडे संपले की लोक चपला शोधायला लागतात. कार्डावर नाव आणि घरचा पत्ता. वर्षाची रक्कम २०० किंवा त्याहून जास्त होत असेल तर व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाणही लागतं. बायका ती जागा रिकामी सोडतात. "होममेकर" लिहा म्हणावं, "रिटायर्ड" लिहा, पण लिहा. नवरा-बायको दोघं देणार असतील तर दोघांचे दोन चेक घ्या, एकावर "आमच्या दोघांचे" नको. चेक प्रचार कमिटीच्या नावाने, तुमच्या नावाने कधीच नाही. सगळे चेक दुसऱ्या दिवशी कमिटीच्या ट्रेझररकडे पोचवा. हो, ट्रेझररच्या कमिटीलाही एक निराळा ट्रेझरर असतो, आणि शंका आली की त्यालाच विचारायचं.

माणशी मर्यादा वर्षाला १,००० डॉलर. २०१४ अखेरपर्यंत ती ५०० होती. हे वर्ष कॅलेंडरचं, निवडणुकीचं नव्हे, त्यामुळे डिसेंबरात देणारा जानेवारीत पुन्हा देऊ शकतो. पण हजारवाले माझ्या वहीत दोनच आहेत. माझा जोर महिना दहा डॉलरवर. ऑनलाइन फॉर्मवर महिन्याची खूण केली की कार्डातून आपोआप जातात. ॲक्टब्लूसारखी सेवा त्यातून ३.९५ टक्के कापते, तेवढं चालवून घ्यायचं. वर्षाला १२० होतात, दहा घरांचे १,२००, आणि मला दर महिन्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. आभाराचा फोन मात्र त्याच आठवड्यात करा, आणि त्या फोनवर पुन्हा मागू नका.

राहिली रोख रक्कम. पार्टी संपल्यावर दारात एका आजोबांनी माझ्या हातात लग्नात देतात तसलं आहेराचं पाकीट ठेवलं. लाल, सोनेरी गणपती, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. आत शंभराची करकरीत नोट. "एकशे एक," म्हणाले, समाधानाने. त्यांचा एक भारतीय होता. म्हटलं, "आजोबा, रोख पन्नासच्या वर घेता येत नाही, कायदा आहे." ते म्हणाले, "मग पन्नास ठेव." मी म्हटलं, "चेक देता का? म्हणजे पूर्ण घेता येतील." ते बुटात पाय घालत होते, थांबले, परत आत आले, खुर्चीत बसले, सुनेकडून पर्समधलं चेकबुक मागवलं आणि चष्मा कपाळावर सरकवून अक्षरी रक्कम सावकाश लिहिली, एकशे एक. तोवर चहा गार झाला होता, मी पुन्हा टाकला. पाकीट त्यांच्या कोटाच्या खिशात परत ठेवलं, रुपयासकट.