उन्हाळी नांगरटीआधी रानात एक फेरी मारा

ज्वारी-हरभरा निघाला, गहू घरात आला की पुढची कामं ठरलेली असतात: नांगरट, बांध साफ करणं, कडब्याची गंजी रचणं. नेमक्या याच दिवसांत, फाल्गुन-चैत्रात, मोकळ्या झालेल्या शिवारात पाखरांची वीण सुरू होते. टिटवी, चंडोल आणि डोंबारी उघड्या रानात अंडी घालतात, तर तित्तर बांधावरच्या गवताच्या आडोशाला. आपलं काम आणि त्यांची वीण एकाच वेळी येते, म्हणून औत जुंपण्याआधी किंवा ट्रॅक्टर रानात घालण्याआधी सकाळी एकदा सगळं रान चालून या.

टिटवी बहुतेकांच्या रानात असतेच. मार्चपासून ती अंड्यावर येऊ लागते. तिचं घरटं म्हणजे ढेकळांमधला उथळ खळगा आणि भोवती बारीक खडे, एवढंच. आत बहुधा चार अंडी, मातकट रंगाची, वर काळपट डाग, निमुळती टोकं मधोमध जुळवलेली. हातभर अंतरावरूनही पटकन दिसत नाहीत, म्हणून अंडी शोधण्याआधी पाखराकडे बघा. माणूस किंवा ट्रॅक्टर जवळ आला की ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडते, कधी पंख मोडल्यासारखी जमिनीवर फरफटते. असं दिसलं की ट्रॅक्टर थांबवा आणि खाली उतरून पाहा.

घरटं सापडलं तर चार-पाच पावलं लांब, दोन्ही बाजूंना काठ्या रोवा. अगदी लगत खूण केली तर कावळ्याला आयतं सापडतं. तेवढा तुकडा सोडून नांगर वळवा. साधारण 28 दिवसांत पिल्लं बाहेर पडतात आणि अंग सुकलं की लगेच चालू लागतात. मग राहिलेला तुकडा नांगरून घ्या. अंडी उचलून बांधावर नेऊन ठेवू नका, जागा बदलली की पक्षी ती बहुधा सोडून देतो. दुपारी तर घरट्यापाशी थांबूच नका. भर उन्हात टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. आपण तिथं उभे असलो तर ती लांबच राहते आणि अंडी तापून आतला जीव मरतो.

टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, अंडी चार तर पाऊस चार महिने, असं आपल्याकडे म्हणतात. अंडी बहुधा चारच असतात, तेव्हा पेरणीचा निर्णय जमिनीतली ओल बघूनच घ्या.

नांगरट शक्यतो सकाळी करा. नांगराच्या फाळानं हुमणीच्या अळ्या आणि घाटे अळीचे कोष वर येतात. सकाळच्या वेळी बगळे, साळुंक्या, कोतवाल मागोमाग येऊन ते वेचतात. दुपारी पाखरं सावलीला गेलेली असतात. हरभऱ्यात लावलेले पक्षीथांबेही एवढ्यात उपटू नका. रात्री त्यांच्यावर बसून घुबड उंदीर टिपतं.

बांध पेटवू नका. त्या गवतात तित्तराची अंडी असतात, सरडे असतात, मुंगसाची बिळं असतात. पाचटही कुजवलेलंच बरं. बांधावर पळस, पांगारा, सावर असेल तर जपा. परतीच्या प्रवासाआधी भोरड्यांचे थवे याच फुलांवर मध प्यायला उतरतात. ज्वारीच्या कणसांवर त्यांनी त्रास दिला असेल हे खरं, पण ही पाखरं टोळ-नाकतोडेही तितक्याच हावरेपणानं खातात.

कांद्याचे डेंगळे किंवा कलिंगड फुलोऱ्यात असेल तर मधमाश्यांशिवाय बी भरत नाही, फळ धरत नाही. फवारणी करावीच लागली तर संध्याकाळी उशिरा करा, माश्या पोळ्यावर परतल्यावर.

उंदरांसाठी विषारी आमिष टाकलं असेल तर मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. तेच उंदीर गव्हाणी घुबडानं खाल्ले तर तेही मरतं, आणि मग पुढच्या हंगामात उंदीर मारायला कोणी उरत नाही. धामणही उंदरांवरच जगते आणि ती बिनविषारी आहे, तिला मारू नका. घोणस मात्र अतिविषारी. गंजीत किंवा सरपणात आधी काठी फिरवा, मग हात घाला. रात्री गोठ्यात बॅटरीशिवाय जाऊ नका. दंश झालाच तर वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा.

आता पाणी. ठिबकच्या नळीला ताशी चार लिटरचा एक ड्रीपर जास्तीचा लावून त्याखाली पसरट भांडं ठेवा, आत दोन-तीन दगड टाका. पाणी वीतभर खोल नको, चार बोटं पुरे. शेवाळ धरू देऊ नका. मांजराला दबा धरता येईल असं झुडूप भांड्याला लागून नसावं.

शेततळ्याकडे विशेष लक्ष द्या. अस्तराच्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. पाण्याला आलेला कोल्हा, ससा, कधी हरीण घसरून आत पडतं आणि पोहून पोहून दमून बुडतं. पाणीही नासतं. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड काथ्या किंवा जुनी जाळी वरून थेट पाण्यात सोडून काठाला घट्ट बांधा. माणूस पडला तरी हीच दोरी कामी येते. कठडा नसलेल्या विहिरीला काटेरी फांद्यांचं का होईना, कुंपण करा. वन्यप्राणी पडलेला दिसला तर स्वतः आत उतरू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि माणसं येईपर्यंत गर्दी लांब ठेवा.