मांडवभर वेल, पण फूल नाही

पावट्याचा वेल मांडवभर पसरला, पाने हिरवीगार, पण तीन महिने एकही फूल नाही. मी आणखी शेणखत घालत राहिले आणि तिथेच चुकले. खतातले नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की पावटा नुसती पानेच वाढवतो. शिवाय जुने वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. खत थांबवले, शेंडे खुडले, पाणी बेताचे ठेवले. दिवस आखडले तसे जांभळे तुरे आले. किती आनंद झाला! मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला; तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढला.

कोवळ्या शेंगा शिरा काढून शिजवते. वाळलेल्या दाण्यांत मात्र सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. ते रात्रभर भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात अगदी मऊ शिजवल्याशिवाय मी कुणाला वाढत नाही.