सोसायटीच्या गच्चीवर सौरऊर्जा : आधी वीजबिल, मग पॅनेल

गृहनिर्माण सोसायटीत सौरऊर्जेचा विषय निघाला की बहुधा कंत्राटदाराला बोलावले जाते; तो गच्ची मोजतो आणि तिच्यावर जेवढी पॅनेल मावतील तेवढ्यांचे कोटेशन देतो. हा क्रम चुकीचा आहे. प्रकल्पाचा आकार गच्चीने ठरवायचा नसून सोसायटीच्या सामाईक वीजवापराने, आणि त्यातही दिवसा होणाऱ्या वापराने, ठरवायचा असतो. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील नोंदणीकृत सोसायट्यांच्या व्यवस्थापक समित्यांसाठी आहे.

हे काम केवळ बिल वाचवण्याचे नाही, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या सुधारित हवामान आराखड्यात, २०३० पर्यंत वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनांशिवायची असेल असे वचन दिले होते आणि ते २०२५ च्या मध्यासच पूर्ण झाले. तरीही देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या दर दहा युनिटांपैकी सुमारे सात युनिटे अजूनही कोळशाचीच आहेत, कारण क्षमता आणि निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात या कोळशाचा भार चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ आणि परळी येथील केंद्रांच्या परिसरात राहणारी माणसे वाहतात. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. पुण्या-ठाण्याच्या लिफ्ट आणि पाण्याचे पंप ज्या विजेवर चालतात तिची राख आणि धूर दुसऱ्याच कोणाच्या अंगणात पडतो, ही गोष्ट शहरी सोसायट्यांनी गांभीर्याने घ्यावी असे मला वाटते.

बारा महिन्यांची बिले

पहिले काम म्हणजे सामाईक मीटरची मागील बारा महिन्यांची बिले एकत्र करणे. प्रत्येक बिलातून तीन गोष्टी वहीत उतरवाव्यात : त्या महिन्यात वापरलेली युनिटे, मंजूर भार (वीज कंपनीने जोडणीसाठी मान्य केलेली किलोवॅटची मर्यादा) आणि आकारणीचा तपशील. निवासी दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्यामुळे मोठ्या सोसायटीची बरीचशी सामाईक युनिटे ५०० च्या वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात पडतात. सौर प्रकल्पामुळे सर्वप्रथम हीच महाग युनिटे कमी होतात. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी द्यावी लागणारी रक्कम, मात्र तसाच राहतो. ‘बिल शून्यावर येईल’ असे कोणी सांगत असेल तर त्याला स्थिर आकाराचा हिशेब लेखी मागावा.

मंजूर भाराकडे सहसा दुर्लक्ष होते आणि पुढे अर्ज तेथेच अडतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या छतावरील सौरऊर्जाविषयक नियमांनुसार प्रकल्पाची क्षमता ग्राहकाच्या मंजूर भारापेक्षा अधिक असू शकत नाही. मंजूर भार १५ किलोवॅट असेल आणि गरज २० किलोवॅटची दिसत असेल, तर भारवाढीचा अर्ज आधी करावा लागेल आणि त्याने स्थिर आकार वाढणार असेल तर तोही हिशेबात धरावा लागेल.

बिले हाती आल्यावर लगेच क्षमता ठरवू नये. आधी वापर कमी करावा. जिन्यातील आणि वाहनतळावरील जुने दिवे बदलून एलईडी व हालचालीवर चालणारे सेन्सर बसवणे, जुने झिजलेले पाण्याचे पंप बदलून ऊर्जा दक्षता ब्युरोचे (बीईई) अधिक तारांकित पंप घेणे, टाक्यांना आपोआप बंद होणारी यंत्रणा लावणे, ही कामे सौर पॅनेलपेक्षा स्वस्त आहेत आणि त्यांचा खर्च लवकर वसूल होतो. त्यानंतर वापराची वेळ पाहावी. बहुतेक सोसायट्यांत पंप पहाटे किंवा रात्री चालवले जातात. टाक्यांची साठवण पुरेशी असल्यास तेच काम सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत करता येते. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा मोठा भागही दिवसा चालवता येतो.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण नेट मीटरिंगचे (वीजजाळ्याला, म्हणजे ग्रीडला, दिलेली जादा युनिटे तेथून घेतलेल्या युनिटांतून वजा करण्याच्या पद्धतीचे) नियम आणि वेळेनुसार बदलणारे वीजदर हे आयोगाच्या आदेशांप्रमाणे बदलत राहतात. दुपारी तयार झालेले युनिट रात्रीच्या युनिटाच्या तोडीचे मानले जाईलच, या गृहीतकावर पंचवीस वर्षांचा प्रकल्प उभा करणे धोक्याचे आहे. दुपारची वीज दुपारीच वापरणाऱ्या सोसायटीला या बदलांची झळ सर्वांत कमी लागते. राज्याच्या वीजव्यवस्थेलाही तेच सोयीचे आहे, कारण तिची खरी ओढाताण सूर्यास्तानंतरच्या मागणीत असते.

क्षमतेचा हिशेब

महाराष्ट्रात एक किलोवॅट क्षमतेचा, सावली नसलेला आणि दक्षिणेकडे तोंड असलेला प्रकल्प वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे, म्हणजे वर्षाला साधारण १,४०० युनिटे देतो. त्याला सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. समजा, चाळीस सदनिकांच्या सोसायटीचा सामाईक वापर सुधारणांनंतर महिन्याला २,५०० युनिटे आहे. वर्षाची गरज ३०,००० युनिटांची झाली. २० किलोवॅटचा प्रकल्प त्यांपैकी सुमारे २८,००० युनिटे देईल आणि त्याला २,००० चौरस फूट जागा लागेल. ग्रीडमधील एका सरासरी युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले तर हा प्रकल्प वर्षाला जवळजवळ २० टन उत्सर्जन टाळेल.

गरजेपेक्षा मोठा प्रकल्प उभारण्याचा मोह टाळावा. नेट मीटरिंगमध्ये महिन्याची शिल्लक युनिटे पुढच्या महिन्यात ओढली जातात, परंतु आर्थिक वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चला, उरलेल्या युनिटांचा हिशेब तुम्ही भरता त्या किरकोळ दराने होत नाही. तो आयोगाने ठरवलेल्या, बऱ्याच कमी दराने होतो. मार्च ते मे या काळात चांगली निर्मिती होते आणि जून ते सप्टेंबर या काळात ती बरीच घटते, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. त्यामुळे एखाद्या उन्हाळी महिन्याचे आकडे पाहून वर्षाचा अंदाज बांधू नये. कडक उन्हात पॅनेल तापल्यानेही निर्मिती घटते : २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के.

गच्ची, कायदा आणि सभा

इमारतीचे वय पंधरा वर्षांहून अधिक असल्यास संरचनात्मक तपासणीचा अद्ययावत अहवाल हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी अशी तपासणी अपेक्षितच आहे. गच्चीचे जलरोधक काम पुढील काही वर्षांत करायचे असेल तर ते पॅनेल बसवण्यापूर्वी करावे, कारण नंतर सांगाडा उतरवून ते करणे अतिशय खर्चिक पडते. सांगाडा बसवताना जलरोधक थराला भोके पाडू नयेत, त्याऐवजी काँक्रीटचे वजनदार ठोकळे वापरावेत, ही अट करारातच लिहावी. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत वाऱ्याच्या भाराची गणना अभियंत्याच्या सहीने मागावी. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत छपरांचे काय केले हे तेथील लोक विसरलेले नाहीत. पाण्याच्या टाकीची, लिफ्टच्या खोलीची आणि शेजारच्या इमारतीची सावली सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता प्रत्यक्ष गच्चीवर उभे राहून पाहावी, आणि शक्य असल्यास डिसेंबरात पाहावी, कारण तेव्हा सावल्या सर्वांत लांब असतात. अग्निशमनासाठीची वाट आणि टाक्यांकडे जाण्याचा रस्ता मोकळा ठेवावा.

सर्वसाधारण सभेपुढे विषय नेताना केवळ ‘सौर प्रकल्पास मंजुरी’ असा एका ओळीचा ठराव ठेवू नये. क्षमता, अंदाजे खर्च, अनुदान, निधीचा स्रोत, देखभालीची जबाबदारी आणि गच्चीचा किती भाग व्यापला जाईल हे सर्व ठरावात असावे आणि बारा महिन्यांच्या बिलांचा तक्ता सूचनेसोबत सर्व सभासदांना द्यावा. मोठ्या दुरुस्तीसाठी जमवलेल्या सिंकिंग फंडाला या कामासाठी हात लावू नये. सभासदांकडून वर्गणी, सोसायटीची अन्य शिल्लक किंवा कर्ज हे मार्ग अधिक योग्य आहेत. पैसे अजिबात नसतील तर गुंतवणूकदार कंपनी स्वतःच्या खर्चाने प्रकल्प उभारते आणि सोसायटी तिला युनिटामागे ठरलेला दर देते, असाही मार्ग आहे. मात्र तो करार दीर्घ मुदतीचा असतो, म्हणून त्यातील वार्षिक दरवाढ, मध्येच बाहेर पडण्याची किंमत आणि पुनर्विकास झाल्यास काय, ही तीन कलमे वकिलाकडून वाचून घ्यावीत.

सभेत आणखी एक प्रश्न येणारच, आणि तो न्यायाचा आहे. काही सभासदांना आपल्या सदनिकेसाठी स्वतंत्र पॅनेल बसवायची असतात. गच्ची सर्वांची आहे. म्हणून आधी सामाईक गरजेची जागा राखून ठेवावी आणि उरलेल्या जागेचे वाटप कोणत्या नियमाने होईल हे सभेनेच ठरवावे. जो पहिला आला त्याला सर्व, आणि खालच्या मजल्यावरील भाडेकऱ्याला किंवा उशिरा पैसे जमवणाऱ्याला काहीच नाही, असे होता कामा नये.

अनुदान आणि अर्ज

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’त सोसायटीच्या सामाईक सुविधांसाठी, त्यात विद्युत वाहनांचे चार्जिंगही धरून, प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. त्याची मर्यादा ५०० किलोवॅट, आणि हिशेब घरामागे ३ किलोवॅटचा. वरच्या उदाहरणातील २० किलोवॅटच्या प्रकल्पाला त्यानुसार ३,६०,००० रुपये मिळतील. स्वतंत्र घरासाठीचे दर वेगळे आहेत : पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्यासाठी १८,००० आणि एकूण कमाल ७८,००० रुपये. अनुदान हवे असल्यास पॅनेल आणि त्यांतील सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात आणि काम राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडूनच करून घ्यावे लागते. ही रक्कम प्रकल्प सुरू झाल्यानंतर खात्यात येते, त्यामुळे कामाच्या वेळी पूर्ण खर्चाची तयारी ठेवावी.

अर्ज पोर्टलवरून करावा, वीजबिलावरील ग्राहक क्रमांक सोसायटीच्या नावाचाच असल्याची खात्री करावी आणि बिल अजूनही विकासकाच्या नावावर असेल तर आधी नावबदल करून घ्यावा. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित वीजग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही. त्याहून मोठ्या प्रकल्पाची तपासणी महावितरण, किंवा मुंबईत तुमची जी वितरण कंपनी असेल ती, करते.

करारात निर्मितीची हमी आकड्यांत असावी : पहिल्या वर्षी प्रति किलोवॅट किमान इतकी युनिटे, आणि कमी पडल्यास भरपाई इतकी. पॅनेलची कार्यक्षमता-हमी साधारण पंचवीस वर्षांची मिळते, परंतु इन्व्हर्टर (पॅनेलमधील डीसी विजेचे एसी विजेत रूपांतर करणारे यंत्र) दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो, म्हणून त्याची तरतूद आजच करावी. पॅनेलकडील डीसी आणि ग्रीडकडील एसी या दोन्ही बाजूंसाठी आणि तडिताघात रोधकासाठी (आकाशातील वीज पडण्यापासून संरक्षण देणाऱ्या साधनासाठी) अर्थिंग वेगवेगळे आहे का, हे चाचणीच्या अहवालात पाहावे. सभासदांना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगावी : ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच स्वतःही बंद होतो, कारण तसे न झाल्यास तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा जीव जाऊ शकतो. बॅटरी नसेल तर भारनियमनात लिफ्ट या प्रकल्पावर चालणार नाही.

प्रकल्प सुरू झाल्यावर पॅनेल दर पंधरवड्याला, पहाटे किंवा संध्याकाळी ती थंड असताना, मऊ पाण्याने धुवावीत. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी काचेवर पांढरे डाग सोडते. दर महिन्याच्या एकाच तारखेला इन्व्हर्टरवरील निर्मिती, नेट मीटरवरील आयात आणि निर्यात यांचे आकडे सूचनाफलकावर लावावेत आणि बिलातील आकड्यांशी ताडून पाहावेत. तफावत आढळल्यास उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्यावी, तेथे उत्तर न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे. वाहनांच्या चार्जिंगसाठी क्षमता वाढवण्याचा निर्णय मात्र पावसाळ्यासह एका पूर्ण वर्षाचे आकडे हाती आल्यावरच घ्यावा, आणि भारवाढीचा अर्ज त्याच आकड्यांच्या आधारे करावा.