लोकशाही सरकारच्या धोरणाला फॅसिस्ट म्हणताना या चुका टाळा

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे धोरण आणि राजवट यांची गल्लत. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये काढलेल्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९४४ मध्ये त्यांची हद्दपारी उचलून धरली. केवळ वंशावरून माणसांना कोंडणाऱ्या या धोरणाला फॅसिस्ट वळणाचे म्हणणे मला अन्यायाचे वाटत नाही. मात्र त्याच अमेरिकेत त्या काळात निवडणुका होत राहिल्या आणि १९८८ मध्ये कायदा करून माफी व हयात पीडितांना प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचे ठरले, हे पाहता संपूर्ण राजवटीला तेच विशेषण लावता येत नाही.

याच्या नेमकी उलट चूक म्हणजे ‘सरकार निवडून आलेले आहे, मग फॅसिस्ट कसे?’ असे विचारून विषय मिटवणे. इटलीतील फॅसिस्ट पक्षाचा नेता मुसोलिनी याला १९२२ मध्ये तिथल्या राजाने रीतसर पंतप्रधान नेमले होते. पुढच्याच वर्षी इटलीच्या संसदेने मंजूर केलेल्या कायद्यानुसार, सर्वाधिक मते आणि त्यांतही किमान २५ टक्के मिळवणाऱ्या यादीला दोन तृतीयांश जागा मिळणार होत्या. १९२४ च्या निवडणुकीतील दहशतीवर संसदेत बोट ठेवणारे विरोधी खासदार मात्तेओत्ती यांचा काही दिवसांतच खून झाला आणि १९२६ मध्ये विरोधी पक्षांवरच बंदी आली. म्हणून एखादे धोरण किती कठोर आहे यापेक्षा ते मतमोजणीचे, न्यायालयाचे आणि विरोधकांच्या जिवाचे काय करते, हे आधी तपासावे. पक्षाच्या टोळ्यांना पोलीस पाठीशी घालत असतील, तर ती खूण कोणत्याही भाषणापेक्षा मोठी मानावी.

न आवडणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द चिकटवणे तर फारच महागात पडते. जर्मन कम्युनिस्ट १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून सोशल डेमोक्रॅट या दुसऱ्या डाव्या पक्षाला ‘सामाजिक फॅसिस्ट’ म्हणत राहिले. १९३३ मध्ये हिटलरने दोन्ही पक्ष मोडून काढले आणि दोघांचेही कार्यकर्ते छळछावण्यांत गेले.