काळ्या मातीवर व्हर्ट रॅम्प आणि रॅम्पवर स्वतःची ट्रिक

बीएमएक्स व्हर्टमध्ये, म्हणजे छोट्या सायकलने उभ्या गोलाईच्या रॅम्पवरून हवेत उडून कसरती करण्याच्या खेळात, नवी ट्रिक सुचायला वेळ लागत नाही. ती मावेल एवढा वेळ हवेत मिळवायला मात्र वर्षं जातात. हवेतला वेळ उंचीतून येतो, उंची वेगातून, आणि वेग टिकतो तो रॅम्पच्या गोलाईमुळे. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या पोरापोरींना या खेळात पुढे जायचंय, त्यांनी सुरुवात सायकलपासून नव्हे, जमिनीपासून करावी.

जमीन

तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. तिच्यावर थेट कोबा केला तर वर्ष-दोन वर्षांत तो तडकतो, रॅम्पची एक बाजू खचते आणि कोपिंग, म्हणजे वरच्या कडेचा पाईप, तिरका होतो. अर्धा इंच तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही, पण उतरताना मागचं चाक नेमकं तिथेच अडकतं.

वरची काळी माती दीड ते दोन फूट काढून टाका. खड्डा मुरमाने भरा, पण एकदम नाही. सहा-सहा इंचांचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं, मग पुढचा थर. त्यावर चार इंच काँक्रीट आणि दर दहा फुटांवर सांधा. चारही बाजूंनी पाणी वाहून जाईल असा चर काढा, कारण शेजारची काळी माती पाणी प्यायली की कडेने कोबा उचलते. सातपुड्याच्या पायथ्याला मुरमाड जमीन मिळाली तर यातलं अर्धं काम वाचतं. गावात जागा निवडायची मुभा असेल तर तीच धरा.

गोलाई

पहिला रॅम्प सहा फूट उंच, साडेसात फूट त्रिज्येचा आणि आठ फूट रुंद करा. या मापात पायथा सुमारे ७ फूट ४ इंच पुढे येतो, वक्र पृष्ठभागाची लांबी १० फूट ३ इंच भरते आणि वरच्या कडेला चढ ७८ अंशांचा होतो. गोलाई दोरीने आखू नका, दोरी ताणते. साडेसात फुटांची लाकडी पट्टी घ्या, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल. १८ मिमी प्लायवर आखून जिगसॉने पहिली बाजू कापा. बाकीच्या दोन तिच्यावर ठेवून कापा, म्हणजे तिन्ही एकसारख्या येतात.

या तीन बाजू चार-चार फुटांवर उभ्या करून त्यांच्यात ३×२ इंची लाकडी पट्ट्या आडव्या बसवा, दर आठ इंचांवर एक. अंतर फूटभर ठेवलं तर प्लाय मध्ये दबतो आणि प्रत्येक दबणं तुमचा वेग खातं. वरून ९ मिमी प्लायचे दोन थर द्या. शीटची आठ फुटांची बाजू रॅम्पच्या रुंदीत ठेवा, तशी ती सहज वाकते. एका थराला तीन शीट लागतात, आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. प्लाय मरीनच हवा, शिक्का आयएस ७१० चा पाहून घ्या. साधा प्लाय एका पावसाळ्यात पापुद्रे सोडतो.

दोन शीटच्या मध्ये दोन-तीन मिमी फट सोडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, रात्री उतरतो, आणि या रोजच्या ताणाने स्क्रू डोकं वर काढतात. आठवड्यातून एकदा हात फिरवून सगळे स्क्रू तपासा. रंग फिका द्या. काळ्या रंगाच्या रॅम्पवर दुपारी तळहात टेकवत नाही, पडल्यावर कातडी जाते ती वेगळीच. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी आठच्या आत उरका.

कोपिंगला ६० मिमी बाहेरच्या व्यासाचा जीआय पाईप चालतो. तो प्लायच्या पातळीपेक्षा चार-पाच मिमीच बाहेर आला पाहिजे. स्केटबोर्डवाले जास्त ठेवतात, सायकलला ते घातक ठरतं. पायथ्याशी फूटभर रुंद, तीन मिमी जाडीची लोखंडी पट्टी बसवा आणि तिच्या स्क्रूंची डोकी आत बुडवा.

आता ७८ अंशांची गोष्ट नीट समजून घ्या. कडा पूर्ण उभी नसल्यामुळे हवेत गेल्यावर रॅम्प तुम्हाला थोडा डेककडे, म्हणजे माथ्यावरच्या सपाट फलाटाकडे, फेकतो. तीन फूट उंच गेलात तर जवळजवळ अडीच फूट. उतरताना रॅम्पवर यायचं तर कडा सोडताना अंग किंचित आत ओढावं लागतं. शिकायला हे बरं, पण मोठ्या उड्यांना नाही. खरा व्हर्ट रॅम्प कडेला ९० अंश असतो, गोलाईनंतर वर फूटभर सरळ भिंत असते, म्हणून माणूस जिथून वर जातो तिथेच खाली येतो. स्पर्धांमधले रॅम्प बहुतेक ११ ते १४ फुटांचे असतात. स्वतः बांधायचा तर नऊ फूट त्रिज्या आणि एक फूट भिंत, मिळून दहा फूट, समोरासमोर दोन, मध्ये सोळा फूट सपाट. डेक धरून लांबी ४४ फूट होते. रुंदी २४ फुटांखाली नको, कारण प्रत्येक उडीला तुम्ही थोडे बाजूला उतरता. डेकला साडेतीन फुटांचा कठडा हवाच.

सायकल

वीस इंची चाकं, ४१३० क्रोमोलीची (मजबूत मिश्र पोलादाची) फ्रेम, डबल वॉल रिम, ३६ आरे. बाजारात बीएमएक्ससारखी दिसणारी हलक्या लोखंडाची सायकल मिळते. तिची फ्रेम हेड ट्यूबखाली (हँडलखालच्या पुढच्या नळीखाली) तडकते, आधी रंगाला केसाएवढी रेघ दिसते. ती रेघ दिसली की सायकल त्याच दिवशी बाजूला ठेवा. टायरमध्ये ९० ते १०० पीएसआय हवा ठेवा. कमी हवेचं चाक गोलाईत दबतं आणि वेग जातो. बाभळीचा काटा आणि सराटे हा आपल्याकडचा कायमचा त्रास, आणि हळू निघणारी हवा लक्षात येते ती उतरताना. म्हणून प्रत्येक सत्राआधी दोन्ही टायरवर हात फिरवायचा आणि हवा मोजायची. आठवड्याला चाकाचा आउट काढून घ्या.

पडणं, मग उडी

पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आणि कडक टोपीचे गुडघ्याचे पॅड घातल्याशिवाय रॅम्पवर पाय ठेवू नका. सायकल हातात न घेता आधी अर्ध्या उंचीवरून गुडघ्यांवर घसरत खाली यायला शिका. हात मागे न टेकता, नजर पुढे, दोन्ही गुडघे एकाच वेळी. हे अंगवळणी पडलं की हवेत गडबड झाल्यावर सायकल लांब फेकून गुडघ्यांवर येता येतं.

वेग पायडलने फारसा मिळत नाही, पंपिंगने मिळतो. सपाटीवर अंग दुमडायचं आणि गोलाईत दाब सर्वांत जास्त जाणवतो तिथे हातपाय ताठ करत उभं राहायचं. आखाजीला झोका चढवताना खालच्या बिंदूला उभं राहून जोर देतात, अगदी तसंच. सहा फुटी रॅम्पवरून तीन फूट वर जायला पायथ्याशी ताशी २६ किमीपेक्षा थोडा जास्त वेग लागतो, घर्षण धरून ३० समजा.

चढताना रेषा किंचित तिरकी ठेवा. पुढचं चाक कडा सोडेपर्यंत हँडल ओढायचं नाही. चाक सुटलं की खांद्यावरून कोपिंगकडे बघा, नजर गेली की कंबर आपोआप वळते. सर्वांत वर पोचल्यावर हँडल खाली ढकला, पुढचं चाक कोपिंगखाली टेकवा, लगोलग मागचं. ओढण्याची घाई झाली तर तुम्ही गोलाई सोडून थेट सपाटीवर आपटता, घोटे आणि टाचा जातात ते असंच. वळायला उशीर झाला तर मागचं चाक कोपिंगवर अडकतं आणि डोकं पुढे खाली जातं. दोन्हींत उशीर जास्त वाईट.

ट्रिकचा हिशोब

कडेवरून तीन फूट वर गेलात तर हवेत ०.८६ सेकंद मिळतात. सहा फुटांना १.२२, नऊ फुटांना १.५, बारा फुटांना १.७३. म्हणजे वेळ दुप्पट हवा तर उंची चौपट लागते. अमेरिकेचे बीएमएक्सपटू मॅट हॉफमन यांनी २००१ मध्ये मोटारसायकलने ओढून घेत २४ फुटी रॅम्पवरून साडेसव्वीस फूट उंची गाठली, तेव्हा त्यांच्या हाताशी अडीच सेकंदांच्या थोडा वर वेळ होता. अमेरिकेचेच केविन रॉबिन्सन २००८ मध्ये न्यूयॉर्कला २७ फुटांपर्यंत गेले.

मिळालेला सगळा वेळ ट्रिकचा नसतो. पहिले दोन दशांश सेकंद सुटण्यात जातात, शेवटचे तीन उतरण्याची तयारी करण्यात. सहा फुटांच्या उडीत तुमच्या हाती साधारण पाऊण सेकंद उरतो. ट्रिक त्यात बसते का, हे अंदाजाने ठरवू नका. मोबाईलवर सेकंदाला १२० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये ती हालचाल चित्रित करा, फ्रेम मोजा, १२० ने भागा. टेलव्हिपला, म्हणजे हँडल धरून फ्रेम त्याच्याभोवती पूर्ण फिरवायला, ८४ फ्रेम लागल्या तर ०.७ सेकंद झाले. सहा फुटांत ते काठोकाठ बसतं. त्यात आणखी काही जोडायचं तर आधी उंची वाढवा, नाहीतर हालचाल लहान करा.

नवी ट्रिक बहुधा जुन्या दोन गोष्टींच्या जोडणीतून येते. एक पाया: साधी उडी, ५४० (हवेत दीड गिरकी), ९०० (अडीच गिरक्या), फ्लेअर (मागे कोलांटी आणि अर्धं वळण). एक भर: फ्रेम फिरवणं, हँडल फिरवणं, हात सोडणं, पाय सोडणं. वहीत उभे पाये आणि आडव्या भरी लिहा, जमणाऱ्या चौकटी रंगवा, आणि रंगवलेल्या चौकटीला चिकटून असलेलीच रिकामी चौकट निवडा. दोन घरं ओलांडून उडी मारली की हाडं मोडतात. फिरण्याचे आकडे १८० च्या विषम पटीत का, तेही लक्षात ठेवा. साध्या उडीतच अर्धं वळण असतं, म्हणून तोंड पुढे ठेवून उतरायला ५४० किंवा ९०० लागतं. ७२० केलंत तर उलटे खाली जाल.

इतिहास बघितला तर वाट अशीच दिसते. हॉफमन यांनी १९८९ मध्ये ९०० उतरवलं, १९९० मध्ये बॅकफ्लिपला अर्धं वळण जोडून फ्लेअर, आणि ९०० मधून हात सोडून दाखवले ते २००२ मध्ये. रॉबिन्सन यांचा दुहेरी फ्लेअर २००६ चा. एकाच चौकटीशेजारची पुढची चौकट भरायला वर्षानुवर्षं गेली.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हवेत फ्रेमला लाथ मारली की अंग उलट दिशेला फिरतं. तुम्ही डावीकडे ५४० घेत असाल आणि फ्रेमही डावीकडे मारली, तर अंगाचं फिरणं मंदावतं. उजवीकडे मारली तर वाढतं. फ्रेम परत पकडताना हा हिशोब उलटतो. म्हणून साधी टेलव्हिप पक्की असलेला माणूसही ५४० मध्ये अर्धवट राहतो. कडा सोडतानाच थोडं जास्त फिरणं घेऊन निघा, आणि फिरणं उरलंच तर गुडघे-कोपरं उघडून ते कमी करा.

फोम पिट

उलटं होण्याची कुठलीही ट्रिक पिटाशिवाय करू नका. १६×१२ फूट, खोली सहा फूट, त्यात पाच फूट भर. आठ इंची फोमचे ठोकळे सुमारे दोन हजार लागतात. गादीवाल्यांकडचे तुकडे वजनावर मिळतात, फक्त मऊ आणि कडक मिसळून घ्या. खान्देशात पहिला विचार कापसाचाच येतो, जिनिंगमधला टाकाऊ कापूस स्वस्त पडतो म्हणून. तो वापरू नका. दहा-बारा उड्यांत तो दाबून गठ्ठा होतो, धूळ छातीत जाते, ओल धरतो आणि ठिणगीने पेटतो. केळीची वाळलेली पानं तर आठवड्यात कुजतात. फोमही पेटतोच, म्हणून जवळ विडी नको आणि वेल्डिंग नको.

दर पाच-सहा उड्यांनी ठोकळे हाताने उपसून सैल करा. सायकल जिथे पडते तिथेच ते आधी बसतात आणि नेमकी तीच जागा कडक होते. स्टेमवर, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्यावर, जाड पॅड बांधा. आधीचा माणूस सायकलसह बाहेर आल्याशिवाय पुढच्याने निघायचं नाही.

पिटात दहापैकी आठ वेळा दोन्ही पाय पायडलवर आणि चाकं खाली आली तरच रॅम्पवर न्या. पिट चुका पोटात घालतो. मागचं चाक हातभर मागे पडलं तरी तिथे कळत नाही, म्हणून प्रत्येक उडी बाजूने चित्रित करा. मधली पायरी म्हणून रॅम्पच्या उतरण्याच्या भागावर फोम आणि वर जाड प्लास्टिकचा पत्रा अंथरता येतो. पिटातली ट्रिक धरली जात नाही. ती रॅम्पवर उतरून, पाय न टेकता पुढे निघून गेलात आणि ते एका अखंड चित्रफितीत दिसलं तर धरतात. नाव देण्याआधी जुन्या स्पर्धांचे व्हिडिओ बारकाईने पाहा.

करिअर

व्हर्टच्या स्पर्धा जगात मोजक्याच होतात. ऑलिम्पिकमध्ये बीएमएक्स फ्रीस्टाइल टोकियोपासून आलं, पण ते पार्क (अनेक लहानमोठ्या रॅम्पचं मैदान) आहे, व्हर्ट नव्हे, आणि त्यात फेरी एका मिनिटाची असते. म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस पार्कला द्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा परवाना राष्ट्रीय सायकलिंग महासंघाकडून मिळतो, तो वेळेत काढा. सुरुवातीचे पैसे प्रात्यक्षिकांतून येतात: कॉलेजची गॅदरिंग, गणेशोत्सव, सारंगखेड्यासारखी यात्रा. त्यासाठी सहा फुटी रॅम्प चार तुकड्यांत सुटा होईल असा बोल्टवर बांधा. आयोजकाकडून सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना दहा फूट मोकळी पट्टी लेखी मागून घ्या, गर्दी कडेला येऊ देऊ नका.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी परत चढायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. अमेरिकेचे बीएमएक्सपटू डेव्ह मिरा २०१६ मध्ये गेल्यानंतर त्यांच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई आढळला. डोक्याला वारंवार मार बसल्याशी जोडला जाणारा हा आजार आहे. उलटी, गोंधळ, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं यातलं काही झालं तर थेट रुग्णालय. मान दुखत असेल तर हेल्मेट काढू नका, माणसाला हलवू नका, १०८ ला फोन करा. रॅम्पपर्यंत रुग्णवाहिका येईल असा रस्ता आधीच मोकळा ठेवा, पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते. परत चढायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, आणि पहिल्या दिवशी फक्त साध्या उड्या.